वेबसाइटच्या औषधांची पिशवी

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. तालुक्याच्या गावापासून पंधरा किलोमीटरवरच्या वस्तीत एका आजींच्या छातीत दुखू लागले आहे. सुनेने मोबाइल हातात घेतला आणि शहरातल्या एका रुग्णालयाचे नाव टाइप केले. तिला एकच गोष्ट हवी आहे, तातडीच्या विभागाचा फोन नंबर. तिने वेबसाइटवर बोट टेकवले. आधी नुसता पांढरा पडदा, मग गोल फिरणारे चक्र. थोड्या वेळाने हसऱ्या डॉक्टरांची सरकती छायाचित्रे अर्धवट उमटली. पाठोपाठ ‘आमच्या सूचना मिळवायच्या का?’ असे विचारणारी चौकट आली. ती बंद करायला बोट नेले तोवर पान खाली सरकले आणि बोट भलत्याच चित्रावर पडले. आता नवे पान उघडू लागले आणि चक्र पुन्हा फिरू लागले.

हा प्रसंग कल्पनेतला आहे; पण त्यातला त्रास मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ती सरकती छायाचित्रे, ती चौकट, कोपऱ्यात उड्या मारणारा गप्पांचा फुगा, आजवर किती जणांनी भेट दिली ते सांगणारा आकडा, यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी, कधीतरी, चांगल्या हेतूनेच त्या वेबसाइटला जोडलेली असते. अशा जोडणीच्या तयार साधनाला ‘प्लगइन’ म्हणतात. एकेकटे पाहिले तर बहुतेक प्लगइन निरुपद्रवी असतात. त्रास सुरू होतो तो ती साचत गेल्यावर.

वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. ‘घरात चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून घेऊन या,’ असे ते रुग्णाला सांगतात. पिशवीतून एकेक पाकीट बाहेर पडू लागते. रक्तदाबाची गोळी असते. त्या गोळीने पाय सुजले म्हणून दुसऱ्या कोणी दिलेली लघवी वाढवणारी गोळी असते. कधीच बरे झालेल्या आम्लपित्तावरची गोळी असते, कारण ती थांबवायला कोणी सांगितलेलेच नसते. पाच किंवा त्याहून अधिक औषधे नियमित चालू असण्याला वैद्यकात ‘पॉलिफार्मसी’ म्हणतात. प्रत्येक गोळी कोणत्या ना कोणत्या कारणाने दिलेली असते. सगळ्या गोळ्या एकत्र पोटात गेल्यावर काय होते, हे मात्र बऱ्याचदा कोणी पाहिलेले नसते. आज असंख्य छोट्या-मोठ्या वेबसाइटची अवस्था त्या पिशवीसारखी झाली आहे.

क्लिक केले की बसले

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत जगातली पहिली वेबसाइट लोकांसाठी खुली केली, तेव्हा तिच्यात फक्त मजकूर आणि दुवे होते. पुढे चित्रे आली, रंग आले, हलणाऱ्या गोष्टी आल्या. तरीही वेबसाइट तयार करणे हे जाणकारांचेच काम राहिले. ते सामान्यांच्या हाती देण्यात मोठा वाटा ‘वर्डप्रेस’ या मोफत सॉफ्टवेअरचा आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ मध्ये सुरू केले. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात.

वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय आली ती २००४ मध्ये. त्यामागचा विचार शहाणपणाचा होता. बहुतेकांना लागतील तेवढ्याच गोष्टी मूळ सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या. बाकी ज्याला जे हवे ते त्याने वरून जोडून घ्यावे. कोणाला संपर्काचा अर्ज हवा असतो, कोणाला दुकान, तर कोणाला भेटीची वेळ ठरवण्याची सोय. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात आज हजारो प्लगइन मोफत मिळतात. नाव शोधायचे, बटण दाबायचे, की ते वेबसाइटवर बसते. प्रोग्रॅमर लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

या सोयीमुळेच गावातला दवाखाना, पतसंस्था, शाळा, वाचनालय, कोकणातला घरगुती निवास किंवा एखादा दिवाळी अंक स्वतःची वेबसाइट चालवू शकतो. बहुधा ती ओळखीतल्याच एखाद्या हौशी मुलाने बनवून दिलेली असते. पुढे तो नोकरीला लागतो आणि वेबसाइट दुसऱ्याच्या हाती जाते. नवा माणूस जुन्याला हात लावायला धजावत नाही. न जाणो, काहीतरी बंद पडायचे! मग तो आपले नवे प्लगइन वर चढवतो. काढायचे कोणी आणि कधी, हे ठरलेलेच नसते.

पान उघडते तेव्हा काय घडते?

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही, तो प्रकार वेगळा. तिथे एकाच वेळी लाखो विद्यार्थी दार ठोठावत असतात. त्या अडचणीचे नाव गर्दी. प्लगइनने मंदावलेल्या वेबसाइटच्या दाराशी मात्र एकच माणूस उभा असतो. तरीही दार उघडायला वेळ लागतो, कारण दारामागे सामान रचून ठेवलेले असते.

हा वेळ दोन ठिकाणी जातो. पहिले ठिकाण म्हणजे सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे साठवलेली असते तो संगणक. वर्डप्रेसचे पान आधीपासून लिहून ठेवलेले नसते. कोणी मागितले की सर्व्हर ते त्या क्षणी तयार करतो. त्यासाठी तो चालू असलेल्या सगळ्या प्लगइनचा मूळ प्रोग्रॅम उघडतो. भेटीची वेळ ठरवण्याचे प्लगइन फक्त एका पानावर लागत असले तरी बाकीच्या पानांसाठीही ते उघडले जाते. अनेक प्लगइन माहितीच्या साठ्यात काही ना काही शोधायला जातात. काहींच्या नोंदी तर ते प्लगइन काढून टाकल्यावरही त्या साठ्यात मागे राहतात आणि प्रत्येक वेळी वाचल्या जातात. मागणी केल्यापासून पहिला बाइट हाती येईपर्यंतचा वेळ ०.८ सेकंदाच्या आत असावा, असे गुगलचे वेबसाइट बनवणाऱ्यांना सांगणे आहे. प्लगइनने भरलेल्या, स्वस्तातल्या सर्व्हरवरच्या वेबसाइटला ही मर्यादा सहज ओलांडता येते.

दुसरे ठिकाण म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातला फोन. सर्व्हरने पाठवलेल्या पानात केवळ मजकूर नसतो. ‘आता ही फाइल आणा, मग ती आणा’ अशी यादीही असते. पानाची सजावट सांगणाऱ्या फाइली वेगळ्या आणि हालचाल घडवणाऱ्या स्क्रिप्ट वेगळ्या. बरीच प्लगइन आपापल्या फाइली या यादीत घुसवतात. त्यांतल्या काही फाइली अशा असतात, की त्या पूर्ण हाती येईपर्यंत ब्राउझर पडद्यावर काहीच उमटवत नाही. तो सुरुवातीचा पांढरा पडदा असतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

त्यात काही फाइली दुसऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हरवरून येतात: नकाशा, गप्पांचा फुगा, समाजमाध्यमांची बटणे, जाहिराती, वाचकांच्या हालचाली मोजणारे काटे. प्रत्येक नव्या ठिकाणी आधी पत्ता विचारायचा, मग जोडणी करायची, मग ती सुरक्षित करायची आणि त्यानंतर फाइल मागायची. म्हणजे ये-जा तीन-चार वेळा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा १२ हजार किलोमीटरहून दूर आहे. सरळ रेषेत गेले तरी एका खेपेला, म्हणजे जाऊन परत यायला, सेकंदाचा आठवा भाग लागणारच. केबलचा मार्ग वळणावळणाचा असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतो. अशा पाच-दहा ठिकाणी खेपा घालायच्या झाल्या तर सेकंद कुठे जातात, हे वेगळे सांगायला नको.

स्वस्त फोनला महाग पडते

फाइल आली म्हणजे काम संपले, असेही नाही. १०० केबीचे चित्र आणि १०० केबीची स्क्रिप्ट उतरवून घ्यायला सारखाच वेळ लागेल. पण चित्र उलगडून पडद्यावर मांडले की झाले. स्क्रिप्ट मात्र फोनच्या प्रोसेसरला आधी वाचावी लागते, मग स्वतःच्या भाषेत आणावी लागते आणि नंतर एकेक आज्ञा पार पाडावी लागते. तोवर वाचक बोट टेकवत राहतो आणि फोन प्रतिसाद देत नाही.

इथे सगळे फोन सारखे नसतात. महागड्या फोनचा प्रोसेसर जे काम चुटकीसरशी उरकतो, त्याच कामाला सात-आठ हजारांच्या फोनला कितीतरी पट वेळ लागतो. वेबसाइट बनवणारा शहरात वायफायवर, चांगल्या लॅपटॉपवर बसून काम करत असतो. त्याच्या पडद्यावर पान झटकन उघडते. त्यामुळे आपल्या प्रत्येक नव्या प्लगइनची किंमत कोण मोजतो आहे, हे त्याला दिसतच नाही.

साधा हिशेब करून पाहता येतो. जगभरच्या वेबसाइटची मोजदाद ठेवणाऱ्या ‘एचटीटीपी अर्काइव्ह’ या प्रकल्पाच्या नोंदींनुसार २०१० च्या सुमारास वेबपानाचे मधले वजन ५०० केबीच्या आसपास होते. आता ते २ एमबीच्या पुढे गेले आहे. चांगल्या ४जी जोडणीवर, सेकंदाला १० मेगाबिट वेग धरला, तर २ एमबी उतरायला दीड-दोन सेकंद लागतात. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर किंवा घाटातल्या वळणावर रेंज घसरून वेग सेकंदाला १०० किलोबिटवर आला, तर त्याच पानाला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागतो.

याउलट नुसत्या मजकुराला किती लागेल? देवनागरीचे एक चिन्ह साठवायला साधारण ३ बाइट लागतात. रोमन अक्षराला एकच पुरतो. तरीही या संपूर्ण लेखाचा मजकूर ५० केबीच्या आसपासच भरेल. त्या खिळखिळ्या जोडणीवरही तो चार-पाच सेकंदांत हाती येईल. मराठी वेबसाइटना एक जादा भार मात्र असतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमन फॉन्टपेक्षा सहसा बरीच मोठी असते. सजावटीसाठी चार-चार देवनागरी फॉन्ट जोडणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे.

कायद्याने घडवलेला प्रयोग

जोडलेल्या गोष्टींचा भार किती असतो, याचा एक बोलका पुरावा मे २०१८ मध्ये मिळाला. युरोपीय संघात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा ‘जीडीपीआर’ हा कायदा लागू झाला. वाचकांच्या हालचाली टिपणाऱ्या स्क्रिप्टवर त्यामुळे बंधने आली. ‘यूएसए टुडे’ या अमेरिकी दैनिकाने युरोपातल्या वाचकांसाठी त्या स्क्रिप्ट आणि जाहिराती काढून टाकलेली वेगळी आवृत्ती सुरू केली. एका वेब डेव्हलपरने दोन्ही आवृत्त्या मोजून पाहिल्या. मूळ पानाचे वजन ५.२ एमबी होते. नवे भरले ५०० केबी. उघडण्याचा वेळ त्याच्या चाचणीत ४५ सेकंदांहून ३ सेकंदांवर आला. मूळ पानात १२४ स्क्रिप्ट फाइली होत्या; नव्यात एकही नव्हती.

ही वेबसाइट वर्डप्रेसच्या प्लगइनचे उदाहरण नाही आणि मोठ्या दैनिकाचा जाहिरातींवाचून निभाव लागणे अवघड आहे, हेही खरे. पण बातम्या वाचायला ज्यांची गरज नव्हती, अशा गोष्टींनी पानाचे ९० टक्के वजन व्यापले होते, एवढे त्या मोजणीतून उघड झाले.

सरासरीत न दिसणारी माणसे

वेबसाइट चालवणारे कधी कधी म्हणतात, ‘आमच्याकडे तर कोणाची तक्रार नाही. आकडे पाहिले, सरासरी वेग ठीक आहे.’ या उत्तरात एक फसगत दडलेली आहे. यूट्यूबमधले माजी अभियंते ख्रिस झकारायस यांनी ती २०१२ मध्ये लिहून ठेवली.

यूट्यूबवर व्हिडिओ पाहण्याच्या पानाचे वजन फुगत १.२ एमबी झाले होते. झकारायस यांनी ते १०० केबीच्या आत आणायचे ठरवले. काटछाट करत त्यांनी पान ९८ केबीवर आणले आणि काही प्रेक्षकांसाठी ते खुले केले. आठवड्याने आकडे पाहिले तर ते चक्रावले. पान उघडायला लागणारा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला होता! पान बारा पट हलके होऊनही हे कसे घडले, ते कळेना.

उलगडा झाला तो प्रेक्षक कुठून येतात हे नकाशावर पाहिल्यावर. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि सायबेरियाच्या दुर्गम भागांतून येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली होती. तिथे हलके पान उघडायलाही सरासरी दोन मिनिटे लागत होती. म्हणजे जुन्या पानाला वीस मिनिटांहून अधिक लागली असती. इतका वेळ थांबणार कोण? ही माणसे आधी पानापर्यंत पोहोचतच नव्हती, म्हणून सरासरीत त्यांचा पत्ताच नव्हता. पान हलके झाले तेव्हा ती पहिल्यांदा मोजली गेली.

तातडीचा नंबर शोधणारी ती सून अशाच माणसांपैकी एक आहे. पान उघडले नाही तर ती तक्रारीचा ईमेल पाठवत बसणार नाही. फोन खिशात टाकून ती गावात गाडी शोधायला धावेल. रुग्णालयाच्या आकडेवारीत ती कधीच आलेली नसेल.

थांबणाऱ्याचे काय होते?

माणसाला किती वाट पाहवते, हा जुन्या संशोधनाचा विषय आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा मांडल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर काम लगेच झाले असे वाटते. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष उडते आणि माणूस दुसरे काहीतरी करू लागतो. मोबाइलवर तर तेवढाही धीर नसतो. पान उघडायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर ५३ टक्के भेटी अर्ध्यावरच सोडल्या जातात, असे गुगलच्या २०१६ च्या पाहणीत आढळले होते.

थांबण्याचा ताण शरीरावरही दिसतो. एरिक्सन या दूरसंचार कंपनीने २०१६ मध्ये कोपनहेगनमधील ३० जणांवर एक प्रयोग केला. ठरावीक वेळात मोबाइलवर कामे उरकायला सांगून त्यांचे नाडीचे ठोके आणि मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या. पाने आणि व्हिडिओ रखडले की ठोके सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. प्रयोग लहान होता आणि वेगवान नेटवर्क विकणाऱ्या कंपनीनेच तो केला होता, त्यामुळे आकडा जपूनच घ्यायला हवा. मात्र आधीच घाबरलेल्या माणसाला रखडलेले पान आणखी घाबरे करते, हे समजायला फारशी यंत्रे लागत नाहीत.

पान हलण्याचा त्रासही याच जातीचा. मजकूर दिसू लागतो, बोट बटणाकडे जाते आणि मागाहून आलेल्या चौकटीने सगळे खाली ढकलले जाते. नजर अधू असलेल्यांना आणि हात थरथरणाऱ्या वृद्धांना हे फार जाचक होते. गुगलने २०२० मध्ये पानाच्या तब्येतीचे जे निकष जाहीर केले, त्यात पानाची ही ‘हालचाल’ स्वतंत्रपणे मोजली जाते. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हाही त्यातलाच निकष. मोबाइलवरच्या शोधात कोणते पान वर दाखवायचे हे ठरवताना २०१८ पासून वेगही विचारात घेतला जातो.

मंदपणापेक्षा मोठा धोका

प्लगइन म्हणजे परक्याने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या घरात आणणे. तो लिहिणाऱ्याने पुढे त्याची देखभाल सोडून दिली, किंवा त्याच्याच घरी चोरी झाली, तर काय होते, हे ११ फेब्रुवारी २०१८ रोजी दिसले. ‘ब्राउझअलाउड’ नावाची स्क्रिप्ट पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवत असे. वाचनाची अडचण असलेल्यांसाठी ती चांगली सोय होती. हल्लेखोरांनी या एका स्क्रिप्टमध्ये आभासी चलन तयार करणारा कोड घुसवला. ती वापरणाऱ्या चार हजारांहून अधिक वेबसाइटमधून तो वाचकांच्या संगणकांवर पोहोचला आणि त्यांचा प्रोसेसर गुपचूप राबवू लागला. या वेबसाइटमध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेशी संबंधित काही वेबसाइट होत्या. नागरिकांच्या माहितीच्या रक्षणासाठी नेमलेल्या ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाची वेबसाइटही होती. त्यांपैकी कोणी स्वतः चूक केली नव्हती. त्यांनी एक गोष्ट जोडली होती, एवढेच.

एकेक गोळी कमी करताना

मग प्लगइन वापरूच नयेत का? तसे नाही. रक्तदाबाची गोळी बंद करा, असे कोणी म्हणत नाही. वेबसाइटचा रोजचा बॅकअप घेणारे किंवा स्पॅम अडवणारे प्लगइन आपले काम चोख करत असते. ‘दहापेक्षा जास्त नकोत’ असा आकड्याचा नियमही उपयोगाचा नाही. नीट लिहिलेली वीस लहान प्लगइन मिळून जेवढे ओझे टाकणार नाहीत, तेवढे पान रचण्याचे किंवा सरकत्या चित्रांचे एकच अवजड प्लगइन टाकू शकते. प्रश्न संख्येपेक्षा जास्त गरजेचा आहे.

औषधे कमी करताना डॉक्टर एका वेळी एकच औषध थांबवतात आणि रुग्णावर लक्ष ठेवतात. इथेही तीच रीत बरी. आधी वेबसाइटचा पूर्ण बॅकअप घ्यावा. शक्य असेल तर तिची एक प्रत तयार करून तिच्यावर प्रयोग करावेत. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ किंवा ‘वेबपेजटेस्ट’ ही साधने वापरून आजचा वेग नोंदवून ठेवावा. मग प्लगइनची यादी कागदावर उतरवावी आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हे नेमके काय करते? गेल्या सहा महिन्यांत ते कोणी वापरले? त्याच्या कर्त्याने शेवटची सुधारणा कधी केली? ज्याच्यापुढे समाधानकारक उत्तर नाही ते बंद करावे, पुन्हा मोजावे आणि मगच पुढच्याकडे वळावे. नको असलेले प्लगइन नुसते बंद करून न ठेवता पूर्ण काढून टाकावे. बंद प्लगइन पानाचा वेग सहसा खात नाही, पण त्याच्या जुन्या फाइली सर्व्हरवर राहिल्या तर चोराला खिडकी मिळते.

बरे झालेल्या आजाराच्या गोळ्याही इथे सापडतात. चित्रे गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची सोय आणि शोधयंत्रांसाठी पानांची यादी बनवण्याची सोय वर्डप्रेसने २०२० मध्ये, ५.५ या आवृत्तीत, स्वतःच दिली. वजनाने हलकी ‘वेबपी’ चित्रे २०२१ पासून चालू लागली. तरी या कामांसाठी पूर्वी बसवलेली प्लगइन अनेक ठिकाणी अजून तशीच चालू असतात.

काही गोळ्यांऐवजी पथ्य पुरते. नकाशा पानात बसवण्याऐवजी त्याचा साधा दुवा देता येतो. व्हिडिओ थेट जोडण्याऐवजी त्याचे चित्र ठेवून दुवा देता येतो. व्हॉट्सअॅपवर बोलण्यासाठी गप्पांचा फुगा लागत नाही, एक दुवा पुरतो. भेटींचा आकडा वाचकाच्या काही कामाचा नसतो. पहिल्या पानावरची सरकती चित्रे काढून एकच चित्र, तेही आकाराने लहान करून ठेवले, तर फार मोठा फरक पडतो.

एक सावधगिरी मात्र हवी. वेग वाढवण्यासाठीही प्लगइन मिळतात. त्यातली ‘कॅशे’ करणारी प्लगइन कामाची असतात. गिऱ्हाईक आले की पीठ भिजवायला घेण्याऐवजी वड्यांचा एक घाणा आधीच तळून ठेवावा, तसे ती तयार पान जपून ठेवतात. त्याने सर्व्हरवरचा वेळ वाचतो. पण फोनवर जाणाऱ्या स्क्रिप्टचे ओझे तेवढ्याने उतरत नाही. आणि एकाने भागले नाही म्हणून तशीच दोन-तीन बसवली तर ती एकमेकांच्या पायात पाय घालतात.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी फुकट आहे आणि तिला तांत्रिक ज्ञान लागत नाही. वेबसाइट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी घरातला सगळ्यात जुना, स्वस्त फोन घ्यावा. वायफाय बंद करावे. रेंज जिथे कमी असते अशा ठिकाणी, एखाद्या एसटी थांब्यावर किंवा गावाच्या वेशीवर, जाऊन उभे राहावे. खाजगी विंडोत आपली वेबसाइट उघडावी आणि वाचकाला जे हवे असते ते शोधावे: फोन नंबर, पत्ता, वेळ, अर्जाची शेवटची तारीख. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. दहा झाले तरी ते सापडले नसेल, तर पिशवी उघडण्याची वेळ आली आहे.

रुग्णालयाच्या वेबसाइटवर काय असावे यावर मतभेद होऊ शकतात. पण तातडीच्या विभागाचा नंबर अगदी वर, साध्या अक्षरांत, बोट टेकवताच फोन लागेल असा असावा, यावर कोणाचे दुमत होणार नाही. त्या एका ओळीला १ केबीसुद्धा लागत नाही.